बारा मिनिटांच्या पलीकडून

तो माझ्याशी पहिलं वाक्य बोलला ते असं — "जरा हे धरता का प्लीज? मला बहुतेक उलटी होणार आहे."

वर्सोव्याहून मढला जाणारी होडी. जेमतेम पाच मिनिटांचा प्रवास. ऑगस्टचा पाऊस नुसता भुरभुरत होता, खाडीत लाट म्हणावी अशी एकही नव्हती, आणि हा सहा फुटी माणूस हातातलं भलंमोठं खोकं माझ्या मांडीवर ठेवून कठड्यावरून वाकला होता. मी मढच्या कोळीवाड्यात जन्मले. माझे बाबा, लहू कोळी, यांची स्वतःची होडी आहे. चालायच्या आधी मी होडीत उभं राहायला शिकले, असं आई सगळ्यांना सांगत असते. त्यामुळे मला हसू काही आवरेना.

"पहिल्यांदाच बसलात?" मी विचारलं.

"नाही... रोजच बसतो." त्याने रुमालाने तोंड पुसलं. "आठवडा झाला."

"आणि रोज असंच?"

"मुलुंडला समुद्र नाही हो," तो इतक्या केविलवाण्या आवाजात म्हणाला की समोर पाट्या घेऊन बसलेल्या दोन मावश्याही हसल्या. मग तोही हसला. ओलाचिंब, लाजलेला, ओठ पांढरे पडलेले... डोळे मात्र मिश्कील. आणि आवाज? तो आवाज माझ्या कानात तिथेच राहिला, हे मी आत्ताच कबूल करून टाकते.

"खोक्यात आहे काय? चांगलंच जड आहे."

"स्पीकर. आमचं एक... अंतराळयान आहे. मढला."

"अगं बाई! म्हणजे तुम्ही अंतराळात जाणार?"

"छे छे, मी नाही. मी फक्त पाठवतो. खाली बसून त्यांच्याशी बोलतो."

"बरंय. यान तरी स्वच्छ राहील."

मढचा धक्का आला. खोकं त्याच्या हातात देण्यात अर्थ नव्हता, म्हणून मीच ते घेऊन उतरले आणि रिक्षाच्या रांगेपाशी ठेवलं. तो मागून धापा टाकत आला. "निदान नाव तरी सांगा!"

"उद्या सांगते," म्हणून मी छत्री उघडली आणि चालू लागले.

त्याला वाटलं असणार, मुलगी उगाच भाव खातेय. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता तो मला भेटणार हे मला पक्कं ठाऊक होतं. कारण त्या यानात बसणाऱ्या तिघांपैकी एक मीच होते.

यान म्हणजे आमच्या मढमधला शूटिंगचा बंगला. भुताखेतांचे सिनेमे तिथे एवढे झालेत की आमच्या वाड्यातल्या बायकांना किंचाळायची सवय आहे. गर्दी लागली की त्यांनाच बोलावत. एका संस्थेने तो भाड्याने घेतला, खिडक्या विटांनी बुजवल्या, भिंतींना आतून आवाज अडवणारी काचलोकर आणि पत्रा ठोकला. तरी जुन्या सेटच्या काही खुणा राहून गेल्या होत्या. एक जिना होता, तो वर जाऊन नुसता छताला टेकायचा. बोळाच्या टोकाला एक दार होतं, तेही रंगवलेलं. कडी, कुलूप, फटीतून येणारा उजेड, सगळं रंगाचं. पहिल्या आठवड्यात मी दोनदा त्या कडीला हात घातला.

माणसं मंगळाकडे निघाली तर वाटेत त्यांच्या डोक्याचं काय होईल, हे शोधायचं होतं. इंजिन बघणारे दुसरे. इथे डॉक्टर जयंती मॅडम फक्त माणसं बघत. तीन माणसं, चाळीस दिवस, एकही खिडकी नाही, पाकिटातलं जेवण. आणि मुख्य म्हणजे बोलायला लागणारा वेळ. यान जसं लांब जातं तसा आवाज पोचायला उशीर होतो ना, तो उशीर त्यांनी मशीनमध्ये भरला होता. पहिल्या दिवशी दोन सेकंद. विसाव्या दिवसापर्यंत बारा मिनिटं. खरं तर 'पृथ्वी' होती अंगणापलीकडे, वॉचमनच्या जुन्या खोलीत. चाळीस पावलांवर.

आमच्यात मार्तंड सर कप्तान. तीस वर्षं मालवाहू जहाजांवर इंजिनीअर होते. बोरिवलीची सई झाडं वाढवायची. आणि मी, रोशनी, नर्स. बोरिवलीलाच डायलिसिस सेंटरला होते, ती नोकरी सोडून आले होते. या चाळीस दिवसांतून एकाची लडाखला निवड होणार होती. तिथे आठ महिन्यांचं खरं लांबचं प्रशिक्षण. मला तिथे जायचं होतं. का, ते आईला कधी नीट सांगता आलं नाही. बाबा दर्यावर गेले की ते येईपर्यंत ती दाराकडे बघत बसायची. मला दाराकडे बघणारी व्हायचं नव्हतं, एवढंच.

रोज संध्याकाळी एक तक्ता भरायचा. झोप किती, भूक कशी, राग आला का. शेवटचा प्रश्न असा — 'आज प्रत्यक्षात नसलेलं काही दिसलं किंवा ऐकू आलं का? हो / नाही.' आधीच्या तुकडीतल्या एका मुलाने नवव्या दिवशी 'हो'वर खूण केली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला बॅगेसकट बाहेर काढलं, अशी कुजबूज होती. आम्ही तिघांनीही ती ऐकली होती.

दार बंद झालं. जाड लोखंडी दार, त्याला आडवा दांडा. आणि मग स्पीकरवर 'टिंग' असा आवाज झाला. संदेशाच्या आधी तो नेहमी व्हायचा.

"यान, पृथ्वीवरून केयूर बोलतोय. खोकंवाल्या मॅडमनी काल नाव सांगितलं नाही. आज यादीत वाचलं. ओव्हर."

"पृथ्वी, पोट कसं आहे? ओव्हर."

सई माझ्याकडे बघायला लागली. मी हवेची नोंद करण्यात गुंग झाल्याचं दाखवलं.

कामाचं बोलून झालं की प्रत्येकाला दिवसाला दोन मिनिटांचा खाजगी संदेश असायचा. मी तो घरी पाठवायचे. तिसऱ्या दिवसापासून उरलेलं अर्धं मिनिट केयूरला. पाचव्या दिवसापासून उरलेलं अर्धं मिनिट घरी. 'तुम्ही'चं 'तू' नक्की कधी झालं ते आठवत नाही.

उशीर वाढत गेला तशी गंमत वाढली. मी दहा वाजता विचारायचं, त्याचं उत्तर दहा चोवीसला. मध्ये काय करायचं? मग तो मी विचारायच्या आधीच उत्तरं पाठवायला लागला.

"आता तू विचारशील जेवलास का," टिंग झाल्यावर त्याचा आवाज यायचा. "जेवलो. इथे माझ्या जोडीला बसतो त्या ओजसच्या डब्यातली वालाची उसळ. मग तू म्हणशील, लाज नाही वाटत दुसऱ्याच्या डब्यात हात घालायला? नाही वाटत. आणि मग तू हसशील. तेव्हा मी गप्प बसतो, तू हसून घे..."

आणि तो खरंच गप्प बसायचा. चार सेकंद नुसती खरखर. मी हसत असायचे. बारा मिनिटांपूर्वी त्याने माझ्या हसण्यासाठी जागा सोडलेली असायची.

एकदा त्याने पाऊस पाठवला. माईक दाराबाहेर धरला होता. "हा बघ तुझ्या गावचा. नारळाच्या झावळ्यांवर कसा वाजतो... आमच्या मुलुंडला पत्र्यावर पडतो, नुसता आरडाओरडा." मी डोळे मिटून ऐकलं. बाहेर तोच पाऊस त्याच क्षणी माझ्या डोक्यावरच्या छतावर पडत असणार, पण काचलोकरीतून टिपूसभर आवाज आत येत नव्हता.

सतराव्या दिवशी पहिली हाक आली.

वेळापत्रकाप्रमाणे दुपार होती. मी माझ्या झोपायच्या फळीवर आडवी पडून सगळ्यांचे रक्तदाबाचे आकडे लिहीत होते.

"रोशनी."

एकदाच. हलकेच. डोक्यामागून, भिंतीतून. केयूरचा आवाज.

मी स्पीकरकडे बघितलं. टिंग झालं नव्हतं. पडद्यावर दिसत होतं, पुढचा संदेश नऊ मिनिटांनी. सई झाडांपाशी गुणगुणत होती, मार्तंड सर व्यायामाची सायकल मारत होते. त्यांना काही ऐकू आलेलं दिसत नव्हतं.

मी ओ दिली नाही. हे मात्र ठरवून नव्हे; आमच्यात ते अंगातच असतं. लहानपणी बाबांबरोबर होडीत गेले की ते बजावायचे, "एके हाकेला ओ देव नको गो पोरी. दुसरेला पन नाय. तिसरी हाक मान्साची." दर्यावर धुकं असलं, पाणी गप्प असलं की हाका येतात. आपल्याच माणसाच्या आवाजात येतात. जिवंत माणूस काम असलं की तीनदा ओरडतो. बाकी जे काही असेल त्याला तेवढा दम नसतो. आमच्या घरी आजही कुणी एकदा हाक मारली तर कुणी हलत नाही, त्यावरून पाहुणे चिडतात.

मी थांबले. दुसरी हाक आली नाही.

संध्याकाळी तक्ता समोर आला. 'नाही'वर खूण केली आणि वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलने एक ठिपका काढला. स्वतःशी तरी खोटं नको, म्हणून.

अठराव्या दिवशी पुन्हा. मग विसाव्या. नेहमी फळीवर असतानाच, नेहमी भिंतीतून, नेहमी एकदाच. एक ठिपका, दोन ठिपके, पाच ठिपके. मला हळूहळू माझीच भीती वाटायला लागली. डायलिसिसच्या पेशंटना भास होतात ते मी बघितलंय. ते किती खात्रीने बोलतात तेही बघितलंय. माझं डोकं माझ्यासाठी केयूर तयार करत होतं, टिंगशिवायचा, उशीर नसलेला.

आणि खरं सांगू? मला ती हाक आवडायला लागली होती. जेवण उरकून मी लगबगीने फळीवर जायचे. भिंतीला कान लावून पडायचे. ज्या दिवशी हाक येत नसे त्या दिवशी जेवण बेचव लागायचं. सईने एकदा विचारलंही, "भिंतीला काय चिकटतेस गं?" मी म्हटलं, गार लागते.

बाविसाव्या दिवशी मी आडून विचारून बघितलं. "केयूर, तू कधी उगाचच... म्हणजे काम नसताना... माझं नाव घेतोस का रे?"

चोवीस मिनिटं. मी नखं खाल्ली.

टिंग. मग तो म्हणाला, "रोज घेतो. पण ते तुला कुठे ऐकू येतं?"

माझ्या जागी सई असती तर लाजून लाल झाली असती. माझ्या अंगावर काटा आला.

एकतिसाव्या दिवशी मी मुख्य दारापाशी हवेची जाळी साफ करत होते. मार्तंड सर झोपले होते, सई झाडांपाशी. फळीपासून मी पार दुसऱ्या टोकाला होते, त्यामुळे मनात हाकेचा विचारही नव्हता.

"रोशनी."

या वेळी दारापलीकडून. दाराला तोंड लावून बोलावं तसं.

मी ब्रश खाली ठेवला.

"रोशनी, दार उघड."

मी तोंड घट्ट मिटून उभी राहिले. तिसरी हाक माणसाची... तिसरी येऊ दे. कान दाराकडे, पाठीमागे तो रंगवलेल्या दाराचा बोळ, आणि घरभर नुसती पंख्याची घरघर. किती वेळ गेला कोण जाणे. तिसरी आलीच नाही. मी सुटकेचा श्वास सोडला, खाली बघितलं, आणि मला दिसलं की माझा हात दांड्यावर आहे. दांडा अर्धा फिरलेला होता. वर लाल दिवा लागला होता. तो मी केव्हा फिरवला, मला आठवत नव्हतं.

ओ मी दिली नव्हती. हाताला मात्र कुणी काही शिकवलं नव्हतं.

"रोशनी, काय करतेस?" मार्तंड सर लाल दिवा बघून धावत आले होते. झोपेतून उठलेले, पायात एकच सपात. त्यांनी माझा हात दांड्यावरून अलगद काढला, दांडा परत फिरवला आणि माझ्याकडे नुसते बघत राहिले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

खरं यान असतं तर ते तिथेच मेले असते. सईसुद्धा, टोमॅटोच्या रोपाशी गुणगुणत. मला आवडणाऱ्या एका आवाजापायी मी दोन माणसं मारली असती, आणि त्या आधी पंधरा दिवस तक्त्यावर 'नाही, नाही, नाही' लिहीत बसले होते. का? तर लडाख हुकेल म्हणून!

त्या संध्याकाळी मी 'हो'वर खूण केली. खाली सगळं लिहिलं. अकरा ठिपके, प्रत्येकाचा दिवस, वेळ, जागा. 'आवाज केयूरचा होता' हेही लिहिलं. मग लडाखला मनातल्या मनात रामराम ठोकला आणि पाठवून दिलं.

चोवीस मिनिटांनी उत्तर आलं. आवाज जयंती मॅडमचा. "वाचलं. सध्या काम चालू ठेव. दारापाशी एकटीने जायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्याच. "केयूर यापुढे बोलायला नसेल. ओजस बसेल. कारण बाहेर आल्यावर सांगेन."

माझ्यामुळे! मी त्याचं नाव लिहिलं म्हणून त्या बिचाऱ्याला उठवलं होतं. खाजगी संदेशाची दोन्ही मिनिटं पुन्हा आईला जायला लागली. "आवाज का असा येतोय तुझा?" तिने विचारलं. भिंतीतून त्यानंतर एकही हाक आली नाही. मी रोज ऐकत मात्र होते.

चाळिसाव्या दिवशी दार उघडलं. ओल्या मातीचा, डिझेलचा, खाऱ्या वाऱ्याचा वास एकदम अंगावर आला आणि मला रडूच फुटलं. जयंती मॅडमनी मला व्हरांड्यात बसवलं, चहा दिला आणि बंगल्याच्या मागच्या बाजूला बोट दाखवलं.

"तो पाइप दिसतो? वायरी आत न्यायला घातला होता. तुझ्या फळीमागे उघडतो. केयूर जेवणाच्या सुट्टीत तिथे जायचा आणि तुझं नाव घ्यायचा. तुझा तक्ता वाचला आणि स्वतः येऊन सांगितलं त्याने. मी विचारायच्या आधी."

मी कप खाली ठेवला. "म्हणजे... मला वेड नाही लागलं?"

"थांब, पूर्ण ऐक. तो म्हणतो पाइप बुजवलाय, आवाज पोचत नाही असं त्याला वाटलं. आतल्या माईकवर त्याच्या हाका आहेत, अगदी बारीक. मी मोजल्या. नऊ."

"अकरा."

"नऊ, रोशनी. चोविसाव्या दिवशी तो तापाने घरी झोपला होता. एकतिसाव्या दिवशी बहिणीच्या बाळाचं बारसं, दिवसभर मुलुंडला. त्या दोन वेळांना माईकवर फक्त तुझा श्वास ऐकू येतो. दुसऱ्या वेळी फार जोरात."

पावसाची एक सर येऊन गेली. आम्ही दोघी त्या पाइपकडे बघत होतो.

"मग मी बाद ना?" मी विचारलं.

"त्या आधीच्या मुलाला 'हो' म्हणाला म्हणून नव्हतं काढलं गं. त्याचे वडील आजारी पडले होते. कंड्या तुम्हीच पिकवता आणि तुम्हीच घाबरता! एवढे दिवस कोंडल्यावर आवाज कुणालाही येतील. मला सांगणारं माणूस हवंय. तू पंधरा दिवस लपवलंस, त्याचे मार्क मी कापलेत. शेवटी सांगितलंस, स्वतःचं नुकसान होणार हे माहीत असून. लडाखला तू जातेस."

मी त्यांच्या गळ्यातच पडणार होते.

"एक अट," त्या म्हणाल्या. "आठ महिने केयूर तुझ्याशी बोलणार नाही. एक शब्दही नाही. त्याची नोकरी राहिलीय, तेवढंच."

तो धक्क्यावर उभा होता. छत्री होती, पण उघडलेली नव्हती. चाळीस दिवसांत वाळला होता. मी तरातरा गेले आणि आधी त्याच्या दंडावर एक फटका ठेवून दिला.

"वाट लावलीस माझी! मला वाटलं माझं डोकं फिरलं!"

"आईशप्पथ, आवाज जातोय हे मला माहीत नव्हतं. काचलोकर घातली होती ना यार त्यात... सरकली असणार." त्याचा आवाज — समोरून, टिंगशिवाय, ताबडतोब. माझा अर्धा राग तिथेच गेला. "बारा मिनिटं सहन होत नव्हती गं. वाटायचं, निदान नाव तरी लगेच पोचावं. पोचत नाही हे माहीत होतं, म्हणून तर धीर व्हायचा. आणि तूसुद्धा! नऊ वेळा ऐकलंस, एकदा तरी ओ द्यायचीस! मी पहिल्याच दिवशी थांबलो असतो."

"एका हाकेला कोण ओ देतं?"

"सगळे देतात! अख्खं मुलुंड देतं!"

मग मी त्याला बाबांचं म्हणणं सांगितलं. तो आधी हसला. मग हसू थांबलं.

"म्हणजे मी तीनदा बोलावलं असतं तर तू बोलली असतीस. आणि तू बोलली असतीस तर मी बोलावलंच नसतं..." त्याने कपाळाला हात लावला. "रोशनी, मी तुझा तक्ता वाचलाय. 'दार उघड' असं मी कधी म्हणालो नाही. एकदासुद्धा नाही."

"माहितेय."

"मग ते कोण..."

"माहीत नाही रे."

होडी लागली. त्याला वर्सोव्यापर्यंत सोडायला मीही चढले. इंजिन सुरू झालं तसा तो पांढरा पडायला लागला, तरी माझ्याकडेच बघत राहिला. मी त्याचा हात धरला. थंडगार होता.

"ऐक," तो म्हणाला. "लडाखला मी बोलणार नाहीये. आठ महिने. तिथे माझा आवाज आला ना, तर तो मी नसेन. कितीही माझ्यासारखा असू दे. कितीही गोड बोलू दे. तू दार उघडायचं नाहीस. शपथ घे."

"याला काय प्रपोज करणं म्हणतात?"

"मला... दुसरं काही सुचत नाहीये..." म्हणत तो कठड्याकडे वळला.

मी त्याची पाठ चोळत राहिले. बोलायचं होतं ते ओठांवर आलं होतं, पण अशा माणसाला अशा वेळी काय सांगणार? किनारा आला, त्याच्या बहिणीचा फोन आला, त्याला रिक्षा मिळाली. राहूनच गेलं. आठ दिवसांनी मी विमानात बसले.

लडाखचं यान लहान आहे. आम्ही चौघं आहोत. पाऊस नाही, रंगवलेलं दार नाही, भिंतीमागे पाइप नाही. मी पहिल्याच दिवशी सगळ्या भिंती ठोकून बघितल्या. उशीर तोच, बारा मिनिटं. पृथ्वीवरून जयंती मॅडम बोलतात. केयूरचं नावही कुणी काढत नाही.

एकशे बाराव्या दिवशी, मी पीठ मळत असताना, दारापलीकडून तो बोलला.

"रोशनी, दार उघड ना. बघ, पाऊस थांबला."

लडाखमध्ये.

तोच आवाज. 'ना' म्हणताना किंचित वर जाणारा. मी इतकी सुखावले की डोळे भरून आले, आणि इतकी घाबरले की पाय गार पडले. पिठाचे हात तसेच घेऊन मी बाकावर बसले, हात मांडीखाली दाबले आणि तिघांनाही मोठ्याने हाका मारल्या. "इकडे या. मला आवाज येतोय. माझ्याजवळ बसा." ते येऊन बसले. कुणी हसलं नाही. थोड्या वेळाने दाराबाहेर नुसता वारा उरला.

मग मी तक्ता काढला आणि लिहिलं:

'हो. दुपारी, मुख्य दारापलीकडून. आवाज केयूरचा. ओ दिली नाही, दाराला हात लावला नाही. ऐकून बरं वाटलं, हेही खरं आहे. माझं त्याच्यावर प्रेम आहे. हे त्याला सांगायचं राहून गेलं, आणि जे माझ्या मनात राहून जातं ते दाराबाहेर येऊन उभं राहतं असं मला वाटतं. म्हणून इथे नोंदवते. बाहेर आल्यावर माझ्याशी लग्न करशील का, असं त्याला कृपया विचारावं.'

पाठवलं. चोवीस मिनिटं गेली. उत्तर नाही. तीस. चाळीस. मी पोळ्या केल्या, चारही करपल्या.

एक्कावन्नाव्या मिनिटाला टिंग झालं.

"नोंद मिळाली," जयंती मॅडम म्हणाल्या. "तो मुलुंडला होता, फोन लागायला वेळ लागला. विचारलं. हो म्हणाला. आता जेवून घे."